दोन पलंगांमधली फट

माझी बरीच वर्षं न पाहिलेल्या घरांमध्ये गेली.

नारायण पेठेत एका बोळाच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आजारी माणसाला घरी लागणारं सामान आम्ही भाड्याने द्यायचो. डोक्याकडून उचलता येणारे पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनची यंत्रं. माझं काम फोनवर बसायचं. सामान कात्रजच्या गोडाउनमधून टेम्पोने परस्पर जायचं, दोन माणसं ते जोडून यायची, आणि ज्यांच्याशी मी आठवडाभर बोलत होते ती माणसं मला कधीच दिसायची नाहीत.

म्हणून मी ती मनानेच बघायची. आवाजामागे कुकरची शिट्टी झाली की मला ओटा दिसायचा, ओट्यावर पिळून ठेवलेला फडका दिसायचा. 'थांबा हं' म्हणून कुणी आत गेलं की चपलांच्या आवाजावरून घर केवढं आहे याचा अंदाज यायचा. एका बाईंच्या मागे कायम कबुतरं घुमायची. त्यांची गॅलरी तर मला तोंडपाठ झाली होती, कोपऱ्यातल्या कुंडीसकट. यातलं खरं किती, देव जाणे. माझी आई म्हणायची, ही मुलगी डोळे उघडे ठेवून झोपते. लग्नानंतर सासूबाईंनीही तेच सांगितलं, फक्त जरा कमी प्रेमाने.

"दुपारी एक ते चार पुण्यात कुणी आजारीसुद्धा पडत नाही," आमचे मालक म्हणायचे. ते स्वतः त्या वेळात टेबलावर डोकं ठेवायचे. फोन गप्प असायचा, पंखा फिरत असायचा, खाली बोळातून एखादी सायकल जायची. मी खिडकीतून समोरच्या गच्च्या बघत बसायची. वाटायचं, या क्षणी शहरभर आपल्या पलंगांवर माणसं उताणी पडलेली असतील. कात्रजपासून विश्रांतवाडीपर्यंत. सगळी आपापल्या छताकडे बघत असतील. त्यांचं पुणं म्हणजे एक पंखा, ट्यूबलाइटशेजारची पाल आणि ओल आलेला एक कोपरा. वरची छपरं कुणी अलगद उचलली तर खाली आमचे पांढरे पलंगच पलंग दिसतील, आणि सगळे जण एका संथ लयीत श्वास घेत असतील. मग फोन वाजायचा आणि मी दचकायची.

मालकांचे नियम फार नव्हते. एक म्हणजे गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' म्हणायचं नाही. हे नव्या माणसाला शिकवावं लागायचं, कारण जीभ आपोआप वळते. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा होता. सामान परत न्या, असा फोन आला की कारण विचारायचं नाही.

"बरं वाटलं असेल तर लोक स्वतःहून सांगतात," मालक म्हणायचे. "पेढेसुद्धा आणतात. जो सांगत नाही, त्याला विचारून तुम्हाला काय कळायचं राहिलंय?"

मला तो नियम पटला. पटला म्हणण्यापेक्षा सोयीचा वाटला. मला दुसऱ्याचं दुःख ऐकवत नाही. म्हणून मी एक वाक्य करून ठेवलं होतं, "बरं, उद्या सकाळी माणसं पाठवते." पलीकडून 'हो' यायचं, मग फोन खाली. ते घर माझ्या डोळ्यांसमोरून हळूहळू विरून जायचं.

ते दिवस पुण्याचं रूप पालटण्याचे होते. घरोघरची मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली होती, आणि आईवडील तीन खोल्यांत दोघंच उरले होते. आमचा धंदा त्या मुलांनी वाढवला, हे मालक उघड म्हणायचे. सकाळी ऑफिस उघडलं की तिकडून फोन यायचे. मुलं घाईघाईत, इंग्रजी मिसळून, जरा जास्तच नम्रपणे बोलायची. त्यांच्या मागे कसलाच आवाज नसायचा. ना भांडी, ना कबुतरं. ती घरं मला काही केल्या दिसायची नाहीत.

असाच एक फोन विश्रांतवाडीच्या एका घरासाठी आला. वडिलांना अर्धांगाचा झटका आलेला. डावी बाजू पूर्ण गेली होती, त्या हाताला स्पर्शही कळत नव्हता. बोलणं शाबूत होतं, किंचित जड.

"मॅडम, बेड हॉलमध्ये लावा," मुलगा म्हणाला. "मी नर्सिंग ब्युरोचा माणूस ठेवलाय, दिवसाचा आणि रात्रीचा. आई बेडरूममध्ये झोपेल, तिला प्रॉपर रेस्ट मिळाली पाहिजे. आणि साइडचे कठडे दोन्हीकडून मस्ट. काही प्रॉब्लेम आला तर डायरेक्ट मला सांगा, आईला त्रास नको."

त्याचं काही चुकत नव्हतं. इतक्या लांबून माणूस जेवढा विचार करू शकतो तेवढा त्याने केला होता.

पलंग पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आईचा फोन आला.

"तुमचा पलंग आला," त्या म्हणाल्या.

"कसा आहे, काकू?"

"पलंगासारखा आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "रात्रीच्या माणसाला मी परत पाठवलंय. मी इथे खाली दिवाणावर झोपले, तर मला या तुमच्या पलंगाचा तळ दिसतो. तळ बघायला मी लग्न नव्हतं केलं. मला याच उंचीचा आणखी एक द्या."

"पण काकू, तुमची तब्येत..."

"ठणठणीत आहे. आजारी पडल्याशिवाय देत नाही का तुम्ही? तसं असेल तर सांगा, पडते."

मागून एक जड आवाज आला, "कुणाशी बोलतेस?" आणि काकू तोंड वळवून ओरडल्या, "पलंगवाल्यांशी! मला वेगळा पलंग मागवतेय. घोरता तुम्ही, डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या!" मग पुन्हा माझ्या कानात, एकदम सरकारी स्वरात, "तर कधी पाठवताय?"

पुढे कळलं की त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून देण्यात सगळी नोकरी गेली, मग घरबसल्या थेट नंबर फिरवायची सोय झाली आणि त्यांचं खातंच ओसरलं. आयुष्यभर त्यांनीही माणसं फक्त ऐकली होती. म्हणूनच बहुतेक त्या माझ्यावर हक्काने डाफरायच्या. "हॅलो म्हणताना जरा हसत जा," एकदा म्हणाल्या. "दिसत नसलं तरी ऐकू येतं." तेव्हापासून मी हसायला लागले. समोर टेबलावर मालक झोपलेले, आणि मी रिकाम्या खोलीत फोनकडे बघून हसतेय, असं चित्र असायचं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "निरोगी बाईला पलंग? उद्या सगळं पुणं आपल्याकडे झोपायला येईल." पण मी त्यांच्या मागे लागले, आणि शेवटी त्यांनी गोडाउनला निरोप दिला.

पलंग घेऊन गेलेली माणसं परत येऊन कुरकुरली. म्हातारीने फार घुमवलं म्हणे. दोन्ही पलंगांचे आतले कठडे काढायला लावले. नवा पलंग रुग्णाच्या उजव्या हाताला लावलेला, म्हणजे चांगल्या बाजूला, तर तो उचलून डाव्या बाजूला न्यायला लावला. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "उजव्या हाताने सारखं ढोसून उठवाल मला. इकडेच बरी."

थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला तो वेगळाच होता. आवाज बारीक होता, आणि मागे नळाचं पाणी सोडलेलं. फोनची वायर ओढून त्या स्वयंपाकघरात गेल्या असणार. त्या मूळच्या वर्ध्याकडच्या, पण एरवी त्यांचं मराठी बातम्या वाचणाऱ्यांसारखं असायचं. त्या दिवशी नाही.

"बाई, दोन पलंगांमध्ये फट राहून राहिली न," त्या म्हणाल्या. "रात्री यांचा हात त्यात जाऊन राहिला. यांना समजूनच नाही राहिलं. हात लटकून निळा पडला तरी हा माणूस झोपलेला."

"मग तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला का नाही येत?"

"उजवा हात यांचा यांना सांभाळता येते. तो दुसरा कोण सांभाळीन?" त्यांनी नळ आणखी मोठा केला. "हे गोळी घेऊन झोपले का मी तो हात धरते. सकाळी यांच्या आधी उठते आणि सोडते. पण मध्येच माझा डोळा लागला का तो सुटते आणि फटीत जाते. ती फट बुजवा तेवढी."

"काकांना सांगा ना, त्यांना बरं वाटेल."

"काही गरज नाही." नळ बंद झाला, आणि त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "कळलं तर मिजास वाढेल."

आम्ही पलंग देत होतो, फट बुजवायचं सामान आमच्याकडे नव्हतं. मी बोळातल्या सीट कव्हर शिवणाऱ्याकडून जाड फोमची एक लांब पट्टी कापून घेतली, तिला रेक्झिनचं कव्हर घातलं, आणि टेम्पोबरोबर पाठवून दिली. संध्याकाळी फोन आला. "पट्टी बसली. तुमच्या ऑफिसचं पहिल्यांदाच काहीतरी धड झालं." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, आणि मी रात्रीपर्यंत खूश होते.

त्यानंतर कितीतरी महिने त्या फोन करत राहिल्या. हवेच्या गादीचा पंप गुरगुरतो, उशाकडचं हँडल घट्ट झालंय, असं काहीतरी निमित्त असायचं. दुपारच्या शांततेत माझ्या नजरेसमोर ती खोली यायची. एका उंचीचे दोन पलंग, मध्ये तपकिरी पट्टी, आणि त्या पट्टीवरून पलीकडे गेलेला एक हात. काकूंना मी चेहरासुद्धा दिला होता. किडकिडीत, उभट, साखळीला अडकवलेला चष्मा, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. माझ्या स्वतःच्या संसारात तेव्हा फार काही गोड चाललं नव्हतं. आम्ही एकाच गादीवर, एकमेकांकडे पाठ करून झोपत होतो. त्या खोलीचा विचार केला की मला का कुणास ठाऊक, झोप चांगली लागायची.

मग एका सकाळी मुलाचा फोन आला. या वेळी त्याच्या मागे आवाज होते. रिक्षाचा हॉर्न, कुणाचं तरी लहान मूल. तो पुण्यातच होता.

"मॅडम, एक बेड परत न्यायचाय."

माझ्या तोंडातून ते ठरलेलं वाक्य आपोआप निघालं, "बरं, उद्या सकाळी माणसं पाठवते." तो 'हो' म्हणाला. फोन खाली.

काका गेले. मी तसं धरूनच चालले, त्यात विचारण्यासारखं मला काही दिसलं नाही. डोळ्यांसमोर येत होत्या त्या काकू. तो हात धरायची सवय लागलेली, आता रात्री त्या काय धरतील? मी मालकांना सांगितलं की उद्या टेम्पोबरोबर मी जाणार आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून मी पहिल्यांदाच आमच्या सामानाच्या वाटेने गेले. नदीवर धुकं होतं. येरवड्याच्या पुढे झाडांखालून ऊन तुकड्यातुकड्यांनी काचेवर येत होतं, आणि मला वाटत होतं की हा रस्ता संपूच नये. काकूंना काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. एकही वाक्य धड होत नव्हतं. काहीच सुचलं नाही तर नुसतं जवळ बसायचं, असं ठरवलं. शेवटी त्या कशा दिसतात ते तरी कळेल, हेही मनात होतं, खोटं कशाला बोलू.

दार मुलाने उघडलं. पांढरा शर्ट, न झोपलेले डोळे. मी माझं काम सांगितलं आणि आत गेले.

खोली अगदी मी पाहिली होती तशीच होती. एका उंचीचे दोन पलंग, मधली तपकिरी पट्टी. एका पलंगावर काका पडलेले होते, आणि माझ्याकडे बघत होते.

क्षणभर मला काही उमगेना. मग भिंतीजवळच्या टेबलाकडे लक्ष गेलं. बुद्धाची छोटी मूर्ती, समोर पेटलेली मेणबत्ती, शेजारी पांढरी फुलं वाहिलेला एक फोटो. गोल, सावळा, ठसठशीत चेहरा. दात दिसतील असं मोकळं हसू. चष्मा नाही, अंबाडा नाही. असा चेहरा होता तर! मी इतके महिने भलत्याच बाईशी बोलत होते.

"भाजी आणायला गेली होती आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला. "तिथेच कोसळली. मी पोचेपर्यंत... रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी आहे. लोक येतील, बसायला जागा हवी, म्हणून म्हटलं तो बेड जाऊ दे."

मला रडू फुटलं. त्या घरात मी तोंडओळखीचीसुद्धा कुणी नव्हते, आणि रडत होते मी एकटीच. मुलाने पाणी आणून दिलं.

"पलंगवाल्या का?" काकांनी विचारलं. माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, दारातलं बोलणं ऐकून अंदाज केला असावा.

"हो, काका."

"घेऊन जा. तिचाच हट्ट होता." त्यांचे शब्द जडपणे, पण स्पष्ट येत होते. "जन्मभर एका अंथरुणात निजलो आम्ही. मी असा झालो, आणि तिने वेगळा पलंग मागवला. तोही या मेलेल्या बाजूला. इकडे असती तर रात्री हात तरी लागला असता." उजवा हात त्यांनी चादरीवर दोनदा आपटला. "कंटाळली होती ती. तिचा दोष नाही, कुणीही कंटाळेल. फक्त तिने एकदा तोंडाने सांगायला हवं होतं. शेवटपर्यंत घोरण्याचंच निमित्त करत राहिली."

"बाबा, असं काही नव्हतं," मुलगा म्हणाला, आजाऱ्याची समजूत काढतात त्या सुरात. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं ठरलेलं होतं. उरलेले दिवस ते हेच उशाशी घेऊन काढणार होते, त्या पलंगावर, त्या छताकडे बघत.

आमची दोन माणसं नट खोलायचे पाने घेऊन वर आली होती आणि दारात उभी होती. काकूंनी मला त्या हाताचं सांगितलं ते नळ सोडून, बारीक आवाजात. नवऱ्याला कळू नये म्हणूनच. मी परक्या बाईची परकी गोष्ट फोडावी का, हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि मला त्याचाच राग आला. कसलं परकं!

मी काकूंच्या पलंगावर बसले. तिथून काका अगदी समोर दिसत होते, एका पातळीत.

"काका, वेगळा पलंग तुमच्यापासून लांब जायला नव्हता मागवला. खाली दिवाणावरून तुम्ही दिसत नव्हता, म्हणून मागवला. आणि या बाजूला त्या मुद्दाम आल्या. तुमचा हा हात धरून झोपायच्या त्या. तुम्ही झोपलात की धरायच्या, आणि तुम्ही उठायच्या आत सोडायच्या. ही पट्टी त्यासाठीच आहे. हात फटीत जायचा तुमचा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो चादरीवर पडलेला होता, बोटं किंचित मुडपलेली.

"रोज?"

"रोज. मी म्हटलं, काकांना सांगा. तर म्हणाल्या, काही गरज नाही, कळलं तर मिजास वाढेल."

तोवर ते माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेने बघत होते. या शेवटच्या वाक्यावर त्यांच्या ओठांची चांगली बाजू हलली. मी मनचं सांगत नाही, हे त्यांना कळलं. असं बोलणारी बाई जगात एकच होती.

"लबाड," ते फोटोकडे बघून म्हणाले. आणि पुन्हा, आवाज फुटत असताना, "लबाड कुठली."

मग त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट पकडलं. हात जड होता, पहिल्यांदा निसटला. मुलगा पुढे झाला, त्याला त्यांनी मानेनेच थांबवलं. मी उठून बाजूला झाले. त्यांनी तो हात उचलून, पट्टीवरून सरकवत, काकूंच्या गादीवर ठेवला. तळवा वर. मुडपलेली बोटं एकेक करून उघडली. मग तोंड त्या बाजूला केलं.

"थोडा वेळ राहू द्या," ते म्हणाले.

आमच्या दोघांनी पाने खिशात घातले, दारात चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून बसले.